मागूर, शिंगी आणि शिंगाळा : मिशांचे मासे निर्धोकपणें कसे साफ करावे

मृगाचा पाऊस लागून ओढे-नाले वाहूं लागले, म्हणजे नदींतले व तळ्यांतले मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांत, चरांत आणि बांधाखालच्या उथळ पाण्यांत शिरतात. मावळांत व कोंकणांत ह्यांस चढणीचे मासे म्हणतात. ज्या घरीं मासळी चालते, त्या घरचा शेतकरी ह्या दिवसांत मासळीसाठीं बाजाराची वाट धरीत नाहीं; दिवसाचें काम आटोपलें कीं पोरें टोपल्या व विजेऱ्या घेऊन खाचराकडे धांवतात. जी मासळी घरीं येते, तींत मागूर, शिंगी, शिंगाळा अशा बिनखवल्यांच्या, मिशा असलेल्या माशांचा भरणा पुष्कळ असतो.

बियाणें, खतें व जनावरें ह्यांची चर्चा करणाऱ्या मासिकांत हा स्वयंपाकघरांतला विषय कशाला, अशी शंका कित्येकांस येईल. तिला आमचें उत्तर असें कीं, हा विषय स्वयंपाकघरांत संपत असला तरी त्याचा आरंभ शेतांतच होतो. शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू केल्यापासून ज्यांच्या रानांत पूर्वीं डबकेंही नव्हतें, अशा पुष्कळांच्या हातीं बाराही महिने नव्हे तरी सहा-आठ महिने टिकणारें पाणी आलें आहे, आणि त्यांत मासे सोडण्याची हौसही वाढली आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मासळी शिजत नसेल. तथापि त्यांच्या शेतावर राबणारीं माणसें ती खातात, आणि ज्या पाण्यांत ती वाढते त्या पाण्याचे धनी आपण असतों.

प्रथम ह्या माशांची ओळख. त्यांचीं नांवें गांवोगांव बदलतात व एकच नांव दोन निरनिराळ्या माशांस लावलेलें आढळतें. म्हणून नांवापेक्षां खुणेवर भिस्त ठेवावी. मागुराचें डोकें चपटें व हाडाळ असतें, मिशांच्या चार जोड्या असतात, आणि पाठीवरचा पर डोक्याच्या मागून निघून थेट शेपटीपर्यंत लांबलेला असतो. ह्या लांब परांत कांटा नसतो. कल्ल्यांमागच्या दोन परांत मात्र एकेक कठीण कांटा असतो. शिंगी त्याहून सडपातळ, तांबूस अथवा काळसर. तिचा पाठीवरचा पर अगदीं इवलासा व पोटाखालचा फार लांब. तिच्या कल्ल्यांमागच्या कांट्यांत विष असतें व तें चांगलेंच जहाल असतें. शिंगाळा रुपेरी अंगाचा. त्याला कल्ल्यांमागें दोन आणि पाठीच्या पहिल्या परांत एक, असे तीन कांटे असतात. चौथा शिवडा. त्याचा जबडा रुंद, मिशांच्या जोड्या दोनच. त्याच्या कांट्यापेक्षां दांतांचें भय अधिक. हा दुसऱ्या माशांवर जगणारा मासा असून पुढें तो हातभराहूनही पुष्कळ मोठा होतो.

मागूर व शिंगी ह्यांस हवेंतला प्राणवायु घेतां येतो. मागुराच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस झाडाच्या फांद्यांसारखें एक इंद्रिय असतें, आणि शिंगीच्या कण्यालगत दोन लांब नळीसारख्या पिशव्या असतात. त्यामुळें हे मासे पाण्याबाहेर ओल्या गोणपाटांत कित्येक तास जिवंत राहतात. बाजारांत ते जिवंत विकले जातात तें ह्याचमुळें. आणि ताजेपणाची ह्याहून खात्रीची खूण दुसरी कोणती? पण ह्याची दुसरी बाजू फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. ज्या कुजक्या पाण्यांत रोहू-कटला घटकाभर तग धरणार नाहींत, त्यांत मागूर सुखानें वाढतो. म्हणून मागूर जिवंत आहे ह्यावरून मासा ताजा आहे इतकेंच सिद्ध होतें. ज्या पाण्यांतून तो आला तें पाणी निर्मळ होतें असें मुळींच सिद्ध होत नाहीं.

येथेंच परदेशी मागुराविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. आफ्रिकेंतून आलेला, बाजारांत ‘थाई मांगूर’ ह्या नांवानें विकला जाणारा मासा झपाट्यानें वाढतो, आणि कत्तलखान्यांतील टाकाऊ मांस खाऊनही वाढतो. त्यामुळें लोभी माणसास तो फार सोयीचा वाटतो. पाण्यांतील देशी मासे फस्त करतो म्हणून भारत सरकारनें २००० सालीं ह्याच्या पैदाशीस बंदी घातली, व २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें असे साठे नष्ट करण्याविषयीं आदेश दिले. तरीही चोरून त्याची पैदास होत असल्याचें वेळोवेळीं उघडकीस येतें. देशी मागूर सहसा वीतदीड वीत लांबीचा असतो. अंगावर करडे-काळे चट्टे असलेला, किलोच्या वर वजनाचा मागूर कोणी स्वस्तांत देऊं लागला, तर तो कोठून आला ह्याची चौकशी केल्यावांचून घेऊं नये. आणि आपल्या तळ्यांत तर त्याचें पिल्लूही सोडूं नये.

कोणता मासा घरीं आणूंच नये

माशाची साफसफाई सुरीपासून नव्हे तर पाण्यापासून सुरू होते. पहिल्या पावसाचें पाणी शेतावरून वाहतांना नुसती माती नेत नाहीं. उन्हाळ्यांत व पेरणीच्या वेळीं टाकलेलीं औषधें, बियाण्यास चोळलेलीं विषें आणि बांधावर फेंकलेल्या रिकाम्या डब्यांतील शिल्लक, हें सर्व धुवून तें चरांत आणतें. चढणीचे मासे नेमके त्याच पाण्यांत येतात. फवारणीच्या औषधांचा प्रताप किती भयंकर असतो, हें २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले तेव्हां सर्व महाराष्ट्रानें पाहिलें. जें औषध फवारणाऱ्या धडधाकट गड्यास आडवें करतें, तें माशास अत्यल्प प्रमाणांतही पुरतें. आणि त्या माशाच्या अंगांतून तें ताटांत येऊं शकतें. ज्या खाचराच्या वरच्या अंगास नुकतीच फवारणी झाली आहे अथवा तणनाशक मारलें आहे, त्यांतली मासळी खाण्यास घेऊं नये. पंप ओढ्यांत अथवा शेततळ्यांत धुण्याची जी वाईट खोड आहे, ती तर आमच्या प्रत्येक वाचकानें आपल्या शेतावर सक्त बंद करावी. धुण्याचें पाणी पडीक जागीं, विहिरीपासून व वाहत्या पाण्यापासून दूर ओतावें.

मेलेला अथवा उताणा पडून तरंगणारा मासा कोणताही असो, तो उचलूं नये. ह्यांतही मिशांचे मासे आपणांस एक इशारा देतात. उन्हाळ्याच्या अखेरीस ढगाळ दिवशीं पहांटे पाण्यांतील प्राणवायु कमी होऊन मासे मरतात. परंतु त्या वेळीं रोहू, कटला, मृगळ हे आधीं जातात, आणि वर येऊन हवा घेणारे मागूर व शिंगी बहुधा वांचतात. जेव्हां मागूरही पोट वर करून तरंगूं लागतो, तेव्हां पाण्यांत विष गेलें आहे असेंच समजून चालावें, आणि त्या पाण्यावर गुरांसही नेऊं नये. कांहीं आडदांड लोक मासे धरण्यासाठीं मुद्दाम औषध अथवा विषारी वनस्पतींचा चेंचा पाण्यांत टाकतात. पाण्यांत विष घालून अथवा स्फोट करून मासे मारणें हा १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा ठरलेला आहे. पण कायद्याचें भय नसलें तरी आपल्या मुलाबाळांच्या पोटाचें भय असावें.

तळ्याच्या पाण्यावर हिरव्या रंगाच्या तेलासारखी साय धरली असेल, तर तीही चांगली खूण नव्हे. ह्या निळसर हिरव्या सूक्ष्म शेवाळाच्या कांहीं जाती विष तयार करतात, व तें माशाच्या यकृतांत व आंतड्यांत अधिक सांठतें. अशा वेळीं पाणी सुधारेपर्यंत मासे धरूं नयेत. अंगावर लालभडक जखमा वा खड्डे पडलेला मासाही टाकावा. व्रणांचा हा सांथीचा रोग १९८८ सालीं भारतांत प्रथम दिसला. मागूर व शिंगाळ्यासारखे तळाशीं राहणारे मासे त्यास बळी पडतात. ती बुरशी माणसास लागत नाहीं हें खरें. पण उघड्या व्रणांत दुसरे जंतु माजलेले असतात.

आतां एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीं पुष्कळ गैरसमज आहे. धुतल्यानें, मीठ चोळल्यानें व शिजविल्यानें सर्व दोष जातात अशी समजूत घरोघर आढळते. जंतु व कृमी ह्यांच्यापुरती ती खरी आहे. परंतु कांहीं विषें चरबींत विरघळतात. डी.डी.टी. चा शेतीकडील उपयोग १९८९ मध्यें बंद झाला व एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली, तरी डी.डी.टी.सारखीं द्रव्यें गाळांत फार वर्षें टिकून राहतात. तळाशीं चरणाऱ्या चरबट माशांत तीं येऊं शकतात. मोठ्या माशाची कातडी, पोटाखालची चरबी व कण्यालगतचा गडद पट्टा काढून टाकल्यास हा भाग बराच कमी होतो. पाऱ्याची गोष्ट निराळी. पारा चरबींत नव्हे तर खुद्द मांसांत मुरतो. तो कोणत्याही रीतीनें निघत नाहीं. मासे खाऊन वाढणारा मोठा व जुना शिवडा ह्यांत लहान मागुरापेक्षां त्याचें प्रमाण अधिक असावयाचें. म्हणून कारखान्यांचें पाणी ज्या नदींत येतें तेथील मोठे शिकारी मासे वर्ज्य करावे, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलें ह्यांस तर कोठलेही अतिमोठे शिकारी मासे वरचेवर देऊं नयेत. लहान मासा गोड लागतो, असें जुनीं माणसें म्हणत. त्यांत जिभेच्या चवीपलीकडचेंही शहाणपण होतें.

धरणें, ठेवणें व कांट्याचा दंश

चांगल्या पाण्यांतून जिवंत मासा आणल्यावर तो लगेच कापण्याची घाई करूं नये. मोठ्या पिंपांत अथवा हौदांत स्वच्छ पाणी घालून त्यांत मागूर दोन-तीन दिवस उपाशी ठेवावे, पाणी रोज बदलावें, व वर जाळी अथवा जड झांकण घालावें; नाहींतर सकाळीं मासे अंगणांत सांपडतात. हवा घेण्यास पाण्याच्या वर मोकळी जागा असूं द्यावी. ह्यानें त्यांचीं आंतडीं रिकामीं होतात व साफ करतांना घाण पसरत नाहीं. माशास जो मातकट वास येतो तो वस्तुतः मातीचा नसून पाण्यांतील विशिष्ट शेवाळें व सूक्ष्म जंतु जें द्रव्य तयार करतात त्याचा असतो. त्यानें अपाय होत नाहीं, परंतु खाणाऱ्याचें मन विटतें. हा वास दोन दिवसांत पुरता जात नाहीं, वाहत्या स्वच्छ पाण्यांत अधिक दिवस ठेवल्यास जातो. चिंच, कोकम अथवा लिंबाचा रस ह्यांनीं तो कमी होतो. आमच्याकडील बायकांनीं गोड्या पाण्याच्या माशास आंबट लावल्यावांचून चुलीवर न चढविण्याची जी रीत घातली, ती नुसत्या रुचीसाठीं नव्हती.

मासा धरतांना व कापतांना खरा धोका कांट्यांचा. हे कांटे मासा उभारून आडवे अडकवून ठेवतो. मग ते दाबल्यानेंही मिटत नाहींत. शिंगीचा कांटा लागल्यास विंचू चावल्यासारखी आग होते व हात सुजतो. लहान मुलांनीं पकडतांना ती सांपडली तर हमखास रडें ऐकूं येतें. ह्या विषावर उष्णतेचा उपाय चालतो, आणि तो सर्वांनीं पाठ करून ठेवण्यासारखा आहे. कांटा मोडून आंत राहिला असेल व दिसत असेल तर चिमट्यानें काढावा, जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, आणि तो भाग सोसेल इतक्या कढत पाण्यांत, म्हणजे सुमारें ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत, ३० ते ९० मिनिटें बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब आधीं चांगल्या हातानें पाहावी; दुखऱ्या हातास उष्णता नीट समजत नाहीं व फोड येतात. जखम चिरणें, तोंडानें चोखणें, दोरीनें हात आवळणें हे उपाय करूं नयेत. नंतर दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी; कांट्याचा तुकडा आंत राहिला, सूज चढत गेली अथवा ताप आला तर वैद्यकीय मदतीस विलंब लावूं नये.

बिळांत हात घालून मागूर काढण्याची फुशारकी आमच्या तरुण मंडळींत फार आहे. बिळांत मागूर असतो तसा सापही असतो. शिवाय ज्यांच्या हातापायांस भेगा वा जखमा आहेत त्यांनीं पावसाळ्यांत खाचराच्या पाण्यांत अनवाणी उतरूं नये. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आणि कोंकणांत त्यानें माणसें दगावलीं आहेत.

मारणें, घासणें, चिरणें

जिवंत माशावर मीठ वा राख टाकून तो तडफडून मरेपर्यंत वाट पाहण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. ती क्रूर आहे, आणि आमच्या मतें निरुपयोगीही आहे. तडफडून थकलेल्या माशाचें मांस लवकर मऊ पडतें. बर्फ घातलेल्या पाण्यांत मासा घटकाभर ठेवावा म्हणजे तो बधिर होतो. मग जाड कापडानें घट्ट धरून डोळ्यांच्या किंचित् मागें, डोक्याच्या मध्यावर, लांकडी दांड्याचा एकच जोरदार टोला द्यावा. त्यानंतर सर्वांत पहिलें काम म्हणजे पकडीनें कल्ल्यांमागचे दोन कांटे मुळाशीं तोडणें. शिंगाळा असेल तर पाठीवरचाही. मासा मेला तरी कांट्यांतलें विष कायम असतें. तोडलेले कांटे कागदांत गुंडाळून वेगळे टाकावे. अंगणांत पडले तर कोंबड्या, कुत्रीं व अनवाणी पोरें ह्यांस लागतात.

ह्या माशांस खवले नसतात, त्याऐवजीं अंगावर बुळबुळीत थर असतो. त्यांत माती, जंतु व वास सर्व चिकटून राहतात, म्हणून तो समूळ काढणें हाच साफसफाईचा मुख्य भाग होय. जाडें मीठ अथवा तांदळाचा कोंडा घेऊन मासा डोक्याकडून शेपटीकडे, नंतर उलट, जोर देऊन घासावा व पाण्यानें धुवावा. हें दोन-तीन वेळां करावें. चुलीची राखही उत्तम, पण ती शुद्ध लांकडाची असावी. कोळसा, रंगविलेलें लांकूड अथवा प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख अन्नास लावूं नये. सर्वांत जलद उपाय कढत पाण्याचा. पाणी खूप तापवून, परंतु खळखळ उकळूं न देतां, त्यांत मासा पांच-सहा सेकंद बुडवून काढावा. थर पांढरा पडून गोठतो व सुरीच्या पाठीनें खरवडतां येतो. अधिक वेळ ठेवल्यास कातडी फाटते. अखेरीस चिंचेच्या कोळानें अथवा लिंबानें अंग चोळून धुवावें. बोट फिरवल्यास कातडी कुरकुरीत लागली पाहिजे. घसरली तर पुन्हा घासावें.

आतां चिरणें. मासा पाटावर पाठीवर धरावा. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत चीर घ्यावी, पण सुरीचें टोंक अगदीं वरवर चालवावें. ही सूचना आम्ही दोनदां करतों, कारण चुकतें तें येथेंच. टोंक खोल गेलें कीं आंतडें फुटतें, अथवा यकृताला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटते. आंतडें फुटल्यास त्यांतील घाण मांसावर पसरते. पित्त फुटल्यास मांस कडू होतें. असें झालें तर वाहत्या पाण्यानें लगेच धुवून हिरवा डाग पडलेला तुकडा कापून टाकावा. आंतील सर्व अवयव गळ्याशीं दोन बोटांत धरून एकदम खालीं ओढले म्हणजे पिशवीसकट सुटतात. यकृत ठेवण्याचा मोह कोणी करूं नये. विष सांठण्याची ती जागा आहे. पित्ताविषयीं तर एक निराळाच इशारा द्यावासा वाटतो. दमा, सांधेदुखी अथवा डोळ्यांचा विकार ह्यांवर माशाचें पित्त कच्चें गिळावें असें सांगणारे वैदू अजून भेटतात. रोहूच्या पित्तानें मूत्रपिंडें निकामी झाल्याच्या घटना भारतांतील डॉक्टरांनीं नोंदविल्या आहेत, आणि त्यांतील विष शिजवूनही जात नाहीं. कोणत्याही माशाचें पित्त औषध म्हणून घेऊं नये.

आंतड्यांनंतर कल्ले दोन्ही बाजूंनीं मुळासकट कापून काढावे. मागुराच्या बाबतींत कल्ल्यांच्या वरचें तें फांद्यांसारखें इंद्रियही काढावें, कारण गाळ त्यांत अडकून राहतो. मग पोटाच्या आंतून कण्यालगत दिसणारा तांबडा-काळा गड्डा, म्हणजे मूत्रपिंड व सांखळलेलें रक्त, सुरीच्या टोंकानें चिरून अंगठ्याच्या नखानें अथवा चमच्यानें खरवडावा. पुष्कळ घरीं हा भाग तसाच राहतो, आणि मग रस्सा काळा झाला व उग्र लागला म्हणून मसाल्यास दोष देतात. आंत धुतलेलें पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावें, परंतु मासा पाण्यांत भिजत ठेवूं नये. हें सर्व पाणी पिण्याच्या योग्यतेचेंच असावें. ओढ्याच्या काठीं बसून गढूळ पाण्यांत मासा धुणें म्हणजे काढलेली घाण पुन्हा लावणें होय.

शिवड्याच्या पोटांत वाताशय उघडल्यास तांबूस-काळपट, पानासारखे चपटे कृमी कधीं कधीं दिसतात. कित्येकदां मांसांतही त्यांच्यामुळें काळे डाग पडतात. पाहणारा दचकतो. वाताशय टाकून द्यावा, डाग असलेले तुकडे कापून काढावे, व उरलेला मासा पुरता शिजवून खावा; नीट शिजविल्यास माशांतील कृमी जगत नाहींत. लिंबाच्या रसांत मुरवणें, मीठ लावून दोन तास ठेवणें अथवा निखाऱ्यावर नुसतें धुरकटवणें ह्यांनीं मात्र कृमी मरतीलच असा भरंवसा नाहीं. खोल थंडीनें ते मारावयाचे तर उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावें लागतें, आणि घरगुती शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा इतका थंड राहील ह्याची खात्री नसते. चुलीवर भरंवसा ठेवावा हें बरें.

ठेवणें व शिजविणें

मासा मेल्यापासून घड्याळ चालूं झालें असें समजावें. साफ केलेला मासा उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि कडक उन्हाळ्यांत एका तासाहून अधिक नाहीं. बाहेरगांवीं न्यावयाचा असल्यास माशाच्या वजनाइतका बारीक फोडलेला बर्फ खालीं-वर घालावा व वितळलेलें पाणी खालून वाहून जाऊं द्यावें. माशास त्याच पाण्यांत पोहत ठेवूं नये. मेलेला मासा बाजारांतून घेण्याचा प्रसंग आल्यास डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल व मांस दाबल्यावर पुन्हा वर येणारें पाहावें. मागूर व शिंगी मात्र मेलेले विकत घेऊंच नयेत. जो मासा जिवंत आणणें इतकें सोपें आहे, तो मेलेला आहे ह्याचेंच कारण आधीं विचारावें.

शिजविण्यासाठीं जाड माशास दोन्ही बाजूंनीं कण्यापर्यंत तिरक्या चिरा द्याव्या, अथवा दोन बोटें रुंदीचे तुकडे करावे. हळद, मीठ व चिंच लावून पंधरा-वीस मिनिटें ठेवून रस्सा उकळूं लागल्यावर ते सोडावे. आंतील मांस ६३ अंशांपर्यंत तापलें पाहिजे. घरीं उष्णतामापक नसतो. तेव्हां सर्वांत जाड तुकडा काढून कण्याशीं फोडून पाहावा. मांस पांढरें, अपारदर्शक व पाकळ्यांसारखें सुटणारें असावें. कण्याशीं काचेसारखा अथवा गुलाबी पट्टा दिसला तर आणखी उकळी द्यावी. ज्या विळीवर व पाटावर कच्ची मासळी कापली, तीवर साबण व कढत पाण्यानें धुतल्यावांचून कोथिंबीर अथवा कांदा चिरूं नये. बंगालांत आजाऱ्यास व बाळंतिणीस मागुराचा पातळ रस्सा व भात देण्याची जुनी चाल आहे. असा रस्सा कमी तिखटाचा, ताजा व त्याच वेळीं केलेला असावा.

उरलेलीं आंतडीं, कल्ले व कातडी ओढ्यांत अथवा विहिरीजवळ टाकूं नयेत, आणि मासे धरण्यासाठीं आमिष म्हणून त्याच पाण्यांतही घालूं नयेत. कुत्र्यांच्या पंज्यांस लागणार नाहीं इतका, म्हणजे दोन हात खोल, खड्डा माडाच्या अथवा केळीच्या आळ्यापासून थोडा दूर खणून त्यांत पुरावीं, वर सुका पाला व मातीचा जाड थर द्यावा. रात्रीचा उरलेला रस्सा निवतांच झांकून थंड जागीं ठेवावा, आणि सकाळीं खावयाचा असल्यास नुसता कोमट न करतां पुन्हा खळखळून उकळावा.